रिकामे ड्रम

२ एप्रिल २०२५

गणपतीनंतर एकदम आज. इतके महिने गप्प राहिल्याबद्दल माफी मागायला हवी. कुणाची ते कळत नाही, कारण हे वाचणारी मी एकटीच. तरी मागते. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नव्हतं. लिहिलं की त्यावर काहीतरी करावं लागतं, म्हणून टाळत होते.

विषय समिधाचा आहे. दहावीची परीक्षा संपल्यापासून ती खाटेवर आडवी असते आणि मोबाइल तिच्या तोंडासमोर उभा असतो. काल मी कंपनीतून आले तर घरात अंधार. शेजारी नलूवन्संकडे दिवे होते, म्हणजे बिघाड आमच्याच घरातला. ही घामाघूम होऊन तशीच बसलेली. काय झालं ते बघितलंस का, असं विचारलं तर म्हणाली, भीती वाटते. सोळावं लागलं तिला. मी चिडले, आणि मेन स्विचसमोर जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं की मलाही काही येत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतली, निम्मं आयुष्य प्रयोगशाळेत मशीनवरचे आकडे वाचण्यात गेलं, आणि घरातला फ्यूज बदलता येत नाही. धर्मेश वाडीतून येईपर्यंत आम्ही मायलेकी अंधारात बसून होतो.

कुंभवलीत एक युवा मंडळ आहे. सुट्टीत मुलामुलींना वायरिंग, नळकाम, पत्राकाम असली हाताची कामं शिकवतात. समिधाला तिथे घालायचं ठरवलं आहे. धर्मेश हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चिकू उतरवायचे दिवस आहेत, त्याचं डोकं तिकडे. त्याची बहीण नलूवन्सं मात्र कुंपणापलीकडून म्हणाल्या, "हातोडी मारायला शिकवतेस पोरीला? सासरी गेली की पयली कोणाच्या डोक्यात घालेल?"

डाळ आज पुन्हा करपली. करोनात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. प्रयोगशाळेत सगळे म्हणतात, मेघाली मॅडम नशीबवान, तारापुरात कारखान्यांच्या शेजारी राहून वास येत नाही.

६ एप्रिल

नाव घातलं. मंडळ म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड आणि पुढे सिमेंटचा ओटा. चालवणारा प्रदीप कुंभवलीचाच, तिशीचा असेल. आधी कंपन्यांत कंत्राटावर वेल्डिंग करायचा. त्याने समिधाला विचारलं, काय काय येतं तुला? तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागले, तर म्हणाला, "मॅडम, तुमी नका सांगू. तिला बोलू द्या."

समिधा म्हणाली, "मला इथं यायचं नाही."

शेडमधली पोरं हसली. प्रदीपही हसला. म्हणाला, खरं बोलता येतं म्हणजे अर्धं काम झालं.

येताना रिक्षात तिच्याकडून वचन घेतलं की सुरू केलेलं मधेच सोडायचं नाही. हा माझ्या घरचा नियम. माझ्या वडिलांनी मला कधी काही अर्धवट सोडू दिलं नाही. नियम तिच्या भल्यासाठी आहे की मला तो मोडवत नाही म्हणून आहे, हे अजून नक्की सांगता येत नाही.

१६ एप्रिल

समिधाने स्वयंपाकघरातला प्लग बदलला. दिवा लागला तेव्हा स्वतःच दचकली.

तिथे एक मैत्रीण झाली आहे, तेजल. मासवणची. कुंभवलीत मामाकडे, नवशाकडे राहते. नवशा एका कंपनीत हेल्पर आहे. घरचे वीटभट्टीवर जातात तेव्हा तिलाही नेतात. यंदा मंडळासाठी मामाने ठेवून घेतली. समिधा तिची नक्कल करून दाखवते: "समे, तुझे हात बघून पक्कड पन लाजते." माझी मुलगी कुणाची तरी नक्कल करते आहे, हे मी केव्हा पाहिलं होतं आठवत नाही. नलूवन्संसुद्धा कुंपणापाशी उभ्या राहून हसत होत्या.

२१ एप्रिल

मंडळात पत्राकाम अडलंय. मुलांना कापायला, ठोकायला पत्रा मिळत नाही. प्रदीप म्हणाला, जुने ड्रम मिळाले तर त्यांतून कचऱ्याचे डबे, झाडांच्या कुंड्या करून घेता येतील, आणि हात बसेल.

आमच्या कंपनीत ड्रमांची रास पडलेली असते. आज दुपारी स्टोअरमध्ये जाऊन तामोरेंना विचारलं. ते म्हणाले, "न्या की मॅडम. रिकामेच हायत. एवीतेवी भंगारवाला नेणार." संध्याकाळी टेम्पो भरून गेलासुद्धा. प्रदीप म्हणाला, आम्ही धुऊन घेऊ.

बरं वाटलं. एखाद्या कामात आपल्या ओळखीचा उपयोग होतो हे सुख मला फार मिळत नाही. ते सुख आहे की मिरवणं, हा वेगळा प्रश्न.

२७ एप्रिल

प्रदीपशी थोडं वाजलं. ड्रम धुण्याचं काम मुलींकडे, छिन्नी मुलांकडे. तेजल अंगाने बारीक, म्हणून अर्धी आत वाकून फडक्याने तळ पुसते. समिधा बाहेरून पाणी ओतते नि पुसते. मी विचारलं, धुणंपुसणं मुलींनीच का? प्रदीप ओशाळला. सोमवारपासून मुलींनाही छिन्नी मिळेल, पण धुणं समिधा-तेजलकडून सगळ्यात लवकर उरकतं म्हणून ते दोघींकडेच राहील, असं ठरलं. थोडं तरी पदरात पडलं.

१ मे

ध्वजवंदनाला मंडळाच्या मुलांचं संचलन. पांढरा शर्ट, काळे बूट. समिधाने सकाळी बसून बूट चमकवले, मी न सांगता.

दुपारी नलूवन्सं म्हणाल्या, "मेघाली, तुझी पोर बुटाला पालिस करते का अंगाला? घरभर वास मारते." मी म्हटलं, कामाची सवय लागतेय तर लागू दे. मनातून आनंद झाला होता. वास मला येत नाही, पण त्या वासाचा अर्थ मला आवडला.

८ मे

समिधा म्हणते, जायचं नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, उभं राहिलं की गरगरतं. चष्म्याचा नंबर तपासून आणला, बदललेला नाही. ऊन कडक आहे हे खरं, पण शेडला छप्पर आहे. दहावीत गणिताचा पेपर आला की असंच डोकं दुखायचं.

मी तिला वचनाची आठवण दिली. ती टोपी घालून गेली. तिच्या मागे लिंबू सरबताची बाटली घेऊन फाटकापर्यंत पळत गेले. कठोर आई असते तर बाटली घेऊन पळाले असते का? पण बाटली दिली म्हणून तिला पाठवणं बरोबर ठरतं असंही नाही. रविवारी विश्रांती घेतली की तिला बरं वाटतं, सोमवारी गेली की पुन्हा सुरू. यावरून मी काढलेला अर्थ असा की दुखणं कामाच्या कंटाळ्याचं आहे.

१४ मे

काल निकाल लागला. पहिला वर्ग. समिधा म्हणाली, अकरावी नको, आयटीआयला वेल्डिंग घेते. धर्मेश वाडीत निघून गेला. मी पेढे आणायला स्वतः बोईसरला गेले.

तेजल पेढे खायला आली, मामाच्या मोटरसायकलवर. तिची आई, भागी, बाजाराला आलेली, तीही मागाहून आली, डोक्यावर जांभळांची पाटी. त्यांच्याकडची जांभळं मोठी आणि गोड. दोघी पोरींनी ओंजळी भरभरून खाल्ली. दोघींचे ओठ जांभळे, नखांची मुळंसुद्धा. मी म्हटलं, नखांनी सोलून खाता की काय? तेजल हसली, पण नेहमीसारखं नाही. थकल्यासारखी वाटली. जाताना पायरीवर बसली, मग उठली.

भागी म्हणाली, "मॅडम, तुमी सांगितला म्हनून ठेवली हिला. नायतर भट्टीवर हात भाजून घेत बसली असती." मी फक्त नवशाला म्हटलं होतं की मुलीला शिकू दे. एवढ्याचं श्रेय घ्यावं का, कळेना. पण घेतलं.

१९ मे

तेजल आज शेडमध्ये पडली. प्रदीपने पाणी शिंपडलं, ओट्यावर सावलीत निजवली. सगळे म्हणाले, ऊन लागलं. नवशा कामावरून येऊन तिला मासवणला घेऊन गेला. आईजवळ बरी होईल म्हणाला. समिधा घरी आली ती न जेवता झोपली.

२१ मे

तेजल गेली. काल पहाटे. कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ओल्या चादरीत गुंडाळली. सकाळी दवाखान्यात न्यायचं म्हणत होते.

सोळाचीही नव्हती. अंगात मुळात रक्त कमी, असं प्रदीप म्हणाला. तो अंत्यविधीला जाऊन आला. माझी पहिली पाळी होती, मला जाता आलं नाही. रजा मागितली असती तर मिळाली असती.

समिधा रडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. नलूवन्सं म्हणाल्या, पोर काळवंडली, उन्हात पाठवू नका तिला. मला वाटतं घरात पडून राहिली तर हा धक्का आत मुरेल. शेड उद्या उघडते आहे. प्रदीप म्हणतो, तेजलने सुरू केलेली कुंडी मुलांना पुरी करायची आहे. मी समिधाला म्हटलं, जा, तिचं काम तू पूर्ण कर.

२५ मे

परवाचं आज लिहिते. जसं झालं तसंच लिहायचं आहे. स्वतःला वाचवायचं नाही आणि उगाच झोडपायचंही नाही.

दुपारी घरी आले. समिधा शेडमधून लवकर आली होती, जमिनीवर पडलेली. ओठ गडद जांभळे. मी विचारलं, जांभळं कुठून आणलीस?

"आई, तेजल गेल्यावर जांभळं कोण आणणार?"

मी रुमाल ओला केला आणि तिचे ओठ पुसले. रुमाल पांढराच राहिला. पुन्हा पुसले, जोरात. ती ओरडली. नखं दाबून पाहिली. रंग कातडीवर नव्हता, आत होता.

नलूवन्सं दारात होत्या. मी विचारलं, तुम्हाला आत्ता कसला वास येतोय? त्या म्हणाल्या, "सांगून दमले की. पालिसचा. महिना झाला." मी समिधाला विचारलं, बूट पॉलिश केलेस? ती म्हणाली, एक मेनंतर बूट घातलेच नाहीत, शेडमध्ये सगळे चपलांवर असतात.

आमच्या कंपनीत दरवर्षी सुरक्षेचा तास होतो. निळ्या ओठांच्या माणसाचा फोटो दाखवतात आणि खाली लिहिलेलं असतं, नायट्रोबेन्झिन, बूट पॉलिशसारखा वास, कातडीतून शरीरात जातं, रक्त प्राणवायू वाहत नाही. हा तास मी इतक्या वेळा ऐकला आहे की नव्या मुलांना मीच घेते.

धर्मेशने वाडीतला टेम्पो काढला. बोईसरच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण, समजूतदार. प्राणवायू लावला तरी मशीनवरचा आकडा चढेना. त्याने रक्त काढलं. सिरिंजमध्ये चॉकलेटसारखं. तो हृदयाचं बोलायला लागला, तेव्हा मी त्याला त्या रसायनाचं नाव सांगितलं आणि औषधही, मिथिलीन ब्लू. त्याच्याकडे नव्हतं. वापीला किंवा मुंबईला मिळेल म्हणाला.

मला माहीत होतं कुठे आहे. आमच्या कंपनीच्या प्रथमोपचार खोलीत, डाव्या कपाटात, याचसाठी ठेवलेलं.

मॅनेजर साहेब गेटवर स्वतः येऊन थांबले होते. फोनवर मी सगळं सांगून बसले होते, ड्रमांसकट. हातात डबी घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, दवा ले जाइए। बच्ची पहले। बस, हमारा नाम कहीं नहीं आना चाहिए।" त्यांनी डबी आधी दिली, मग माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "नहीं आएगा."

ते वाईट माणूस नाहीत. हे लिहिणं भाग आहे, कारण त्यांना वाईट ठरवलं तर माझं काम सोपं होतं.

निळं औषध बाटलीतून हळूहळू तिच्या शिरेत गेलं. संध्याकाळपर्यंत ओठ गुलाबी झाले. रात्री बाथरूममधून येऊन म्हणाली, "आई, हिरवी शू झाली." आणि हसली. मला वाटलं होतं, मी ते हसणं पुन्हा ऐकणार नाही.

प्रदीपला दवाखान्यातूनच फोन केला होता: शेड बंद कर, ड्रमांना कुणी हात लावू नका, घरोघर जा, ओल्या फडक्याने सगळ्यांचे ओठ पुसून बघ. तो रात्री उशिरापर्यंत फिरला. बाकीची मुलं ठीक आहेत. एकदोघांचं डोकं दुखत होतं, ते उतरलं. धुणं दोघींकडेच होतं ना.

डॉक्टरने विचारलं, हे हिच्या अंगात गेलं कुठून? मी म्हटलं, मी प्रयोगशाळेत असते, माझ्या कपड्यांवरून आलं असेल. त्याने ते लिहून घेतलं. मग मला समजावून सांगितलं की कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, वेगळे धुवावेत. मी मान हलवत ऐकत होते.

बाटलीतला थेंब थेंब पाहताना तेजल मनात आली. तोवर आली नव्हती. तिला ऊन लागलं नव्हतं.

२९ मे

समिधा घरी आली. बरी आहे. वरण-भात मागून घेते.

कामावर गेले. शेडमधले ड्रम कंपनीचा टेम्पो येऊन घेऊन गेला, कापलेले, न कापलेले, सगळे. तामोरे रजेवर आहेत. यार्डात मी उगाच चक्कर मारली. तिथे दोन पाट्या आहेत, रिकामे आणि धुतलेले. आमच्याकडे रिकामा म्हणजे माल काढून घेतलेला. तळाशी, कडांना राहतंच. तो धुऊन मग बाहेर पाठवायचा. तामोरे रिकामा म्हणाले ते कंपनीच्या भाषेत. प्रदीपने ऐकलं ते गावच्या भाषेत. दोन्ही भाषा येणारी मी एकटी मधे उभी होते.

२ जून

प्रदीप आला होता. दाढी वाढलेली. ओट्यावर बसला, आत ये म्हटलं तरी येईना. पोलिसांत जायचं म्हणतो.

"मॅडम, मला आत टाकतील, टाकू दे. पन मी सांगून काय उपेग? कागदावर ते रिकामे ड्रम हायत. त्यांत काय होता, हे तुमी सांगायला पायजे. माझ्याबरोबर याल का?"

मी म्हटलं, विचार करते. तो म्हणाला, करा, तोवर मासवणला मी काही बोलत नाही. चहा न घेता गेला.

धर्मेशने नंतर पहिल्यांदाच सविस्तर बोलून दाखवलं. आपली पोर वाचली ती त्या डबीमुळे. शब्द दिलाय तू. नोकरी गेली तर एकट्या चिकूवर समिधाचं शिक्षण होणार का? आणि पोलिसांत जाऊन ती पोर परत येणार आहे का? प्रत्येक वाक्य खरं होतं. मी एकेक वाक्य वेगळं तपासून पाहिलं, प्रयोगशाळेत नमुना तपासावा तसं. एकही खोटं निघालं नाही. तरी सगळी मिळून खरी वाटत नव्हती.

दिलेला शब्द मोडायचा नाही, हा माझा नियम. याच नियमाने मी समिधाला रोज शेडमध्ये पाठवलं.

६ जून

आज भागी आली.

पाटी रिकामी होती, बाजार उरकून आली होती. थोडी जांभळं पदरात बांधून आणली होती समिधासाठी. समिधा ती घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

भागी ओसरीवर बसली. मी पाणी दिलं. तिनेच सांगितलं: धाकटा पोरगा आता उन्हात जायला बघतो, म्हणून त्याला घरातच ठेवते. तेजलचे कपडे कोणाला द्यावेत कळत नाही, अंगाबरोबरचे. असं बराच वेळ. मग म्हणाली, समीला पण ऊन लागलेला, ना? प्रदीपने सांगितलं, दवाखान्यात नेली, बरी झाली.

मी म्हटलं, हो.

"मॅडम, काय दिला तिला डाक्टरनी? सांगून ठेवा. बारक्याला लागला ऊन तर आमाला माहीत पायजे."

ती माझ्याकडे पाहत होती, शिकायला आलेल्या माणसासारखी. मी त्या दोन बाटल्या आठवल्या, खाटेजवळ टांगलेल्या. एक साधी आणि एक निळी.

मी म्हटलं, "सलाईन."

तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "सलाईन. ते तर सरकारी दवाखान्यात पन देतात. मनोरला. फुकट देतात."

मी तिचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"म्हंजे नवशानी मासवणला आनायच्या ऐवजी तिकडं नेली असती, तर वाचली असती." ती रडली नाही. हिशेब लागल्यासारखी मान हलवत राहिली. "मी त्याला बोलत होती, तुझी काय चूक, ऊन कोनाला सांगून लागतो? आता कळला. आता त्याला दारात उभा करनार नाय मी. सख्खा भाऊ असला म्हनून काय झाला."

मी म्हणू शकले असते. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात नलूवन्सं कुंपणाशी आल्या, भागीची विचारपूस करू लागल्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी इथे लिहून ठेवते: मला सुटल्यासारखं वाटलं.

भागी गेल्यावर समिधा बाहेर आली. जांभळं तशीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. भांडेल असं वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई, नवशामामा रोज संध्याकाळी तेजलला न्यायला यायचा. कामावरून थेट. मलाही रिक्षात बसवून मग जायचा." आणि मोबाइल न घेता खाटेवर जाऊन बसली.

पोलिसांत जायचं की नाही, माहीत नाही. प्रदीपला काय सांगायचं, माहीत नाही. गेटवर मी मॅनेजरना जे म्हटलं त्याचं काय, त्यावर धर्मेशशी अजून एकदा बोलावं लागेल, आणि तो जे बोलेल ते पुन्हा खरंच असेल. हे सगळं एका वेळी सुटणार नाही. पण एका माणसाला त्याच्या बहिणीच्या दारातून माझा एक शब्द हाकलून देतो आहे, आणि तो शब्द नवशापर्यंत पोचायला आज रात्रीचाच काय तो उशीर आहे.

उद्या: पहिल्या एस्टीने मासवण. भागीला सांगायचं, सलाईन नव्हतं.